लिनक्स घ्यायचं? आधी आयनोड समजून घेऊ

विंडोज १० चा नेहमीचा मोफत आधार (सुरक्षेची अपडेट वगैरे) १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप आणि बऱ्यापैकी नवा प्रोसेसर लागतो, त्यामुळे धडधाकट चालणारे कितीतरी संगणक त्यात बसत नाहीत. तेव्हापासून "विंडोजऐवजी लिनक्स ही दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम टाकून बघू का?" असं मला सारखं विचारलं जातं. विचारणाऱ्याच्या मनात दोन गोष्टी पक्क्या असतात: लिनक्स फुकट मिळतं आणि त्याला व्हायरस लागत नाही. पहिली बहुतांशी खरी, दुसरी साफ चुकीची. मला मात्र लिनक्स आवडतं ते त्याच्या फाइल ठेवण्याच्या पद्धतीमुळे.

फाइलचं नाव म्हणजेच फाइल, असं आपण धरून चालतो. लिनक्समध्ये प्रत्येक फाइलला एक क्रमांक असतो आणि त्या क्रमांकामागे एक नोंद असते. तिला आयनोड म्हणतात. मालक कोण, परवानगी कुणाला, आकार किती, शेवटचा बदल कधी, मजकूर डिस्कवर कुठे कुठे पडला आहे, हे सगळं त्या नोंदीत सापडतं. नाव तेवढं सापडत नाही. नाव फोल्डरकडे असतं, कारण फोल्डर म्हणजे नाव आणि क्रमांक अशी दोन रकान्यांची यादी. टर्मिनलवर, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, 'एलएस' या आज्ञेला 'आय' हा पर्याय जोडला की प्रत्येक नावाआधी तो क्रमांक डोळ्यांनी दिसतो. एकाच क्रमांकाला दोन नावंही देता येतात, आणि किती नावं दिली आहेत याची मोजणी आयनोड ठेवतो.

म्हणून फाइल कायमची डिलीट करणं म्हणजे यादीतली एक ओळ खोडणं. मोजणी शून्यावर आली आणि कुठल्याही चालू प्रोग्रामने ती फाइल उघडून धरलेली नसली, तरच जागा मोकळी होते. एकदा माझी डिस्क गच्च भरली होती. भलीमोठी लॉग फाइल (एका प्रोग्रामच्या कामाच्या नोंदींची) उडवली, फोल्डरमधून ती गेलीही, पण मोकळी जागा होती तेवढीच! लॉग लिहिणारा प्रोग्राम तिला अजून धरून बसला होता. तो बंद केल्याबरोबर जागा परत आली.

अपडेटच्या वेळी हीच गोष्ट कामी येते. ब्राउझर चालू आहे आणि तो वापरत असलेल्या लायब्ररीची, म्हणजे तयार कोडच्या फाइलची, नवी आवृत्ती आली. सॉफ्टवेअर बसवणारा-बदलणारा पॅकेज मॅनेजर ती शेजारी तात्पुरत्या नावाने लिहून ठेवतो, आणि मग 'रिनेम' या एका सिस्टिम कॉलने (ऑपरेटिंग सिस्टिमला केलेल्या एका विनंतीने) मूळ नावासमोर नवा क्रमांक येतो. हे अर्धवट कधी दिसत नाही. बघणाऱ्याला एक तर जुनी फाइल मिळते नाही तर नवी. चालू ब्राउझर जुन्या आयनोडवर निवांत काम करत राहतो. विंडोजमध्ये वापरात असलेली प्रोग्रामची फाइल सहसा अशी बदलता येत नाही, म्हणून ते काम रीस्टार्टपर्यंत राखून ठेवावं लागतं. लिनक्सवर रीस्टार्ट लागतो तो मुख्यतः कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, बदलल्यावर. ही मांडणी मुळात युनिक्स या जुन्या ऑपरेटिंग सिस्टिमची, केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांच्या बेल लॅब्जमधल्या कामातली. लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ साली हेलसिंकीत शिकत असताना लिनक्सचा कर्नल लिहिला तो त्याच वाटेने. अपडेटच्या या पद्धतीत एक मेख आहे: जुन्या आवृत्तीत सुरक्षेचं भोक असेल, तर प्रोग्राम बंद करून पुन्हा उघडेपर्यंत ते तसंच राहतं.

"हजारो डोळे कोड वाचतात, म्हणून मुक्तस्रोत सुरक्षित" हा लिनक्ससारख्या खुल्या कोडच्या सॉफ्टवेअरबद्दलचा मंत्र जपून उपयोग नाही. २०२४ च्या मार्चमध्ये 'एक्सझेड' या फाइल-संकोचनाच्या साधनात चोरदरवाजा सापडला. तो बसवणाऱ्याने आधी बराच काळ मदत करून विश्वास कमावला होता. सापडला तो आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्यामुळे: दूरच्या संगणकात लॉग-इन व्हायला अर्धा सेकंद जास्त का लागतो, एवढ्यावरून त्यांनी माग काढला. कोड खुला होता म्हणून माग निघाला, हे खरं. पण आधी कुणीतरी शंका घ्यावी लागली.

तोटे बहुतेक बाहेरून येतात. अडोबीचं फोटोशॉप लिनक्ससाठी निघत नाही. विंडोजचे प्रोग्राम लिनक्सवर चालवणाऱ्या वाइन आणि प्रोटॉनमुळे विंडोजचे खूप गेम चालतात, पण फसवेगिरी रोखायला थेट कर्नलमध्ये शिरणारे काही ऑनलाइन गेम चालत नाहीत. फिंगरप्रिंट रीडर, काही वाय-फाय चिप यांचे ड्रायव्हर (ते भाग चालवणारे प्रोग्राम) उत्पादकाने दिलेच नाहीत, तर उत्तम आयनोडही काही करू शकत नाही. ज्याचं पोट अशा एखाद्या सॉफ्टवेअरवर आहे, त्याला मी लिनक्स सुचवत नाही. ब्राउझर, पत्रं, हिशेब, व्हिडिओ एवढंच काम असेल तर बिनदिक्कत सुचवतो.

मिंट किंवा उबुंटू ही लिनक्सची तयार रूपं; त्यांतलं एक पेनड्राइव्हवर उतरवा आणि त्यावरूनच संगणक सुरू करा. इन्स्टॉल करेपर्यंत तुमच्या डिस्कला धक्का लागत नाही. वाय-फाय जोडा, प्रिंटरवर एक पान काढा, आवाज तपासा. लॅपटॉप असेल तर झाकण मिटून दहा मिनिटांनी उघडा. जुन्या यंत्रांची बरीच रड तिथेच कळते.