आपल्या नेटवर्क कार्डाचा ड्रायव्हर थेट लिनक्स कर्नलमध्ये न्यायची तयारी

आमचं दोन पोर्टवालं कार्ड ज्यांच्याकडे लावलेलं आहे त्यांच्यासाठी हा कागद. आतापर्यंत ड्रायव्हर (कार्ड चालवणारा प्रोग्राम) आम्ही पेन ड्राइव्हवर देत होतो, आता तोच कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातच जावा म्हणून तयारी करून राहिलो आहोत, आणि "भाऊ, एवढा टाइम काहून लागून राहिला" असं रोज कोणी ना कोणी विचारते म्हणून एकदाच लिहून टाकतो.

कर्नलच्या आतली फंक्शनं (एकेक काम करणारे कोडाचे तुकडे) कायम तशीच राहतील अशी गॅरंटी तिथं कोणी देत नाही. ज्याला बदलायचं तो बदलतो, फक्त कर्नलमध्ये असलेले ड्रायव्हर त्यालाच नीट करून द्यावे लागतात. बाहेरच्या ड्रायव्हरला वाली नाही. 2023 मध्ये उबुंटू 22.04 (लिनक्सचाच एक प्रकार) चा कर्नल 5.19 वरून 6.2 वर गेला तेव्हा कळमन्यातल्या आपल्या एका अडत्याकडे सोमवारी सकाळी हेच झालं, कार्डाचे लाइट लागलेले पण नेट नाही. एका फंक्शनला आधी चार गोष्टी द्याव्या लागायच्या, 6.1 पासून तीनच, अन् आमच्या कोडात तो चौथा 64 चा आकडा तसाच बसलेला, मग कंपाइल कसं होणार, म्हणजे कोडातून चालणारा ड्रायव्हर कसा तयार होणार! नवा कोड उतरवायला इंटरनेट पाहिजे आणि इंटरनेट येते त्याच कार्डातून. शेवटी त्यांच्या पोराचा मोबाइल यूएसबीनं जोडून काम चालवलं, तोवर बाहेर मिरचीच्या गाड्या उभ्या. चूक आमचीच होती, ते मान्य.

आता कोडाचं. चिपवाल्यांनी दिलेला कोड विंडोजवर पण चालावा अन् दहा जुन्या कर्नलवर पण, असा लिहिलेला, त्यामुळे पानापानावर "कर्नल जुना असेल तर हे, नवा असेल तर ते". कर्नलमध्ये यातलं काही चालत नाही, फक्त आजच्या कर्नलपुरतं लिहा म्हणतात. ते सगळं काढलं, मग चेकपॅच (कोड नियमात लिहिलाय का ते तपासणारा कर्नलवाल्यांचा प्रोग्राम) चालवला तर वॉर्निंगचा पाऊस. कर्नलमधला नेटवर्कचा भाग सांभाळणाऱ्या नेटवर्कवाल्यांचा तर अजून एक हट्ट आहे, फंक्शनच्या सुरुवातीला व्हेरिएबल लिहिताना लांब ओळ वर, आखूड खाली. हसू येते, पण पाळतो.

तुमच्या कामाची गोष्ट ही: ज्यांच्याकडे आम्ही ड्रायव्हरला "टर्बो" ऑप्शन टाकून दिला होता तो नव्या ड्रायव्हरमध्ये नसेल. प्रत्येक कंपनीनं आपापले ऑप्शन काढलेले तिथं चालत नाहीत, असली सेटिंग इथटूल नावाच्या लिनक्सच्या कमांडनं करायची. किती पॅकेट जमल्यावर प्रोसेसरला उठवायचं एवढंच तो ऑप्शन ठरवत होता, ते इथटूलमध्ये आधीपासून आहे, आम्ही येऊन बदलून देऊ, पैसे नाही. सिक्युअर बूट (सही नसलेला कोड चालू न देणारी सोय) असलेल्या मशीनवर ड्रायव्हर टाकताना निळ्या स्क्रीनवर पासवर्ड मागते ना, तेही बंद होईल.

कोड जीपीएल 2 (कर्नलचं खुल्या कोडाचं लायसन्स) खाली खुला करायला चिपवाल्यांकडून लेखी घेतलं, त्यातच बराच वेळ गेला. चिपचं फर्मवेअर (चिपच्या आत चालणारा प्रोग्राम) वेगळ्या ठिकाणी जाते, त्याची परवानगी वेगळी.

कर्नलची नवी आवृत्ती साधारण 9-10 आठवड्यांनी येते, त्यातले पहिले दोन आठवडे नेटवर्कवाले नवीन काही घेतच नाहीत. बाकी दिवसांत पाठवा, कोणीतरी चूक काढते, सुधारा, पण 24 तासांच्या आत परत पाठवू नका, अन् एका वेळी 15 च्या वर पॅच (कोडातल्या बदलाचे तुकडे) नको. आमचं तिसऱ्यांदा पाठवून झालंय. तारीख विचारू नका, ती आमच्या हातात नाही.

आणि घेतला तरी दुसऱ्या दिवशी तुमच्या मशीनवर येईल असं नाही. डेबियन 12 (हाही लिनक्सचा एक प्रकार) वाल्यांचा कर्नल 6.1 वरच राहते, त्यांना पेन ड्राइव्हच वापरावा लागेल, तो आम्ही देत राहू.

तोवर कर्नल अपडेट करायच्या आधी एक फोन करा. करून बसलाच असाल तर मशीन चालू होताना ग्रबच्या (लिनक्स सुरू करून देणारा प्रोग्राम) मेनूत ॲडव्हान्स्ड ऑप्शन्समध्ये जाऊन जुना कर्नल निवडा, बहुतेक तिथंच काम होऊन जाते. अन् फोनवर कर्नलचा नंबर सांगा, नुसतं "लाइट लागून राहिला पण नेट नाही" यावरून आम्हाला काही समजत नाही.