हॅकिंगला 'बळी पडलेला' आणि हॅकिंगचा 'पीडित'

संगणक किंवा मोबाइल हॅक होऊन नुकसान सोसलेल्या माणसाला गोव्यातील मराठी बातम्यांत कधी 'बळी' म्हटले जाते, तर कधी 'पीडित'. हे दोन शब्द एकमेकांच्या जागी सर्रास चालवले जातात, पण ते समानार्थी नाहीत.

'बळी' म्हणजे मुळात देवतेला अर्पण केलेला जीव. म्हणूनच पर्वरीतील अपघाताने दोघांचा बळी घेतला असे वाचल्यावर ते दोघे इस्पितळात असतील असे कोणी समजत नाही. '-ला बळी पडणे' या प्रयोगात मृत्यू असतोच असे नाही, मात्र दुसरीच एक अडचण आहे. आपण मोहाला, आमिषाला, भूलथापांना बळी पडतो, म्हणजे ज्याच्यापुढे आपण नमलो त्याला '-ला' हा प्रत्यय लागतो आणि नमण्याची क्रिया आपल्याकडे राहते. 'पीडित' हे त्याउलट कर्मणी रूप आहे. पीडा देणारा दुसरा असतो आणि ज्याला ती झाली त्याने स्वतः काही केले होते की नाही, याबद्दल हा शब्द मौन पाळतो.

कळंगुटच्या बंगल्याची स्वस्त भाड्याची बनावट जाहिरात पाहून एखाद्याने आगाऊ रक्कम पाठवली, तर तो आमिषाला बळी पडला असे म्हणणे कठोर असले तरी मराठी म्हणून चूक नाही. त्याचे काहीही हॅक झालेले नसते. त्याची फसवणूक झालेली असते. पण ज्या कंपनीकडे आपला ईमेल पत्ता आणि पासवर्ड होता तिच्याच सर्व्हरमधून तो चोरीला गेला, तर मडगावात घरी झोपलेला ग्राहक नेमका कशाला बळी पडला? 'हॅकिंगला बळी पडला' हे वाक्य तिथे नकळत त्याच्यावर ठपका ठेवते.

हा भेद केवळ व्याकरणाचा नाही. माहिती तंत्रज्ञान कायदा, 2000 मध्ये संगणकात अनधिकृत शिरकाव करण्यासारखी कृत्ये कलम 43 आणि 66 खाली येतात, तर संगणकाच्या साहाय्याने तोतयेगिरी करून फसवण्यासाठी कलम 66-डी वेगळे आहे. खात्यातून अनधिकृत ऑनलाइन व्यवहार झाल्यास नुकसान कोणाचे, हे ठरवणाऱ्या रिझर्व्ह बँकेच्या 6 जुलै 2017 च्या परिपत्रकानेही अशीच विभागणी केली. दोष बँकेचा किंवा ग्राहकाचा नसून व्यवस्थेत अन्यत्र असेल आणि ग्राहकाने तीन कामकाजाच्या दिवसांत कळवले, तर त्याच्यावर भार नाही. त्याने स्वतःच पासवर्ड किंवा ओटीपी दिला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान त्याचे. त्यामुळे 1930 या सायबर गुन्ह्यांच्या मदत क्रमांकावर तक्रार सांगताना 'मी बळी पडलो' असे ओघात म्हणण्यापेक्षा काय घडले ते क्रमाने सांगितलेले बरे.

'पीडित' शब्दही निर्वेध नाही. बातम्यांत, विशेषतः 'पीडिता' या रूपात, तो लैंगिक अत्याचाराशी इतका जोडला गेला आहे की फेसबुक खाते गमावलेल्या माणसाला तो लावताना लेखणी अडखळते. मला अशा वेळी '-ग्रस्त' जवळचा वाटतो. साळावली धरणाच्या पाण्याखाली कुर्डी गाव गेले, तेव्हा तिथल्या लोकांना कोणी धरणाला बळी पडलेले म्हटले नाही. ते धरणग्रस्त होते. 'हॅकिंगग्रस्त' आज कानाला खडबडीत लागतो खरा, पण त्यात मृत्यूही नाही आणि ठपकाही नाही.