लिनक्सचं घोडं कुठे पेंड खातं?

विंडोज १० चे नेहमीचे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले. तेव्हापासून जुना लॅपटॉप भंगारात देऊ नका, विंडोजच्या जागी लिनक्स ही मोफत प्रणाली टाका, असं पणजीपासून काणकोणापर्यंत कुणी ना कुणी सांगतोच. मागाहून तक्रारीही ठरलेल्या: वायफाय सापडत नाही, प्रिंटर ओळखत नाही, झाकण मिटून उघडलं की पडदा काळा.

गोव्यात हे सगळं नवीन नाही. २००० नंतर गोवा स्कूल्स कॉम्प्युटर्स प्रोजेक्टने वापरलेले संगणक शाळांना दिले, तेही लिनक्स घालून. पण शाळेबाहेर डीटीपीवाला, म्हणजे छपाईची पानं जुळवणारा, विंडोजवरच्या पेजमेकरवर आणि श्रीलिपी या देवनागरी फॉन्टच्या सॉफ्टवेअरवर बसलेला. जत्रेची पत्रिका नि नाटकाचं हँडबिल त्याच्याकडूनच निघायचं. लिनक्सवर देवनागरी जोडाक्षरं तेव्हा धड उमटत नसत. रेड हॅट या लिनक्स कंपनीने २००४ मध्ये लोहित फॉन्ट खुले केले. गंमत म्हणजे ते मुळात श्रीलिपीवाल्या पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकचेच.

त्याच वर्षी रेड हॅटने घरगुती वापराच्या ‘रेड हॅट लिनक्स’चा सपोर्ट बंद केला. पैसा सर्व्हरवाल्या कंपन्यांकडून येत होता. माझ्या मते पुढचं सगळं इथून सुरू होतं: डेस्कटॉपला पगारी माणसं कमी, हौशी जास्त. आणि हौसेने कुणी जुनी कौलं परतत नाही, नवा मजलाच चढवतो.

जेमी झविन्स्की या प्रोग्रामरने २००३ मध्येच चिडून लिहिलं होतं, की नवी आवृत्ती आली म्हणून ग्नोमवाले (ग्नोम आणि केडीई हे लिनक्सवरचे दोन डेस्कटॉप, म्हणजे पडद्यावरच्या खिडक्या-बटणांची मांडणी) जुन्या तक्रारी न तपासताच निकालात काढतात. जानेवारी २००८ मध्ये केडीई ४.० अर्धकच्चं बाहेर पडलं. २०११ मध्ये ग्नोम ३ ने खिडकी लहान करायचं बटणच काढलं. चिडलेल्यांनी जुन्या ग्नोमपासून ‘माते’ वेगळं काढलं. म्हणजे आधीच थोडे असलेले हात आणखी विभागले.

उबुंटू ही लिनक्सची आवृत्ती २००४ मध्ये आली ती सामान्यांसाठी. मायक्रोसॉफ्टचं वर्चस्व हीच तिच्या तक्रारवहीतली क्रमांक एकची तक्रार म्हणून नोंदलेली. उबुंटूचे संस्थापक मार्क शटलवर्थ यांनी २०१३ मध्ये ती मिटवली. त्याच सुमारास त्यांची कंपनी फोनमागे लागली, आणि २०१७ मध्ये तेही सोडून क्लाउडकडे वळली.

पैसे लावणारा भेटला की चित्र बदलतं. व्हॉल्व्ह या गेम कंपनीने २०२२ मध्ये स्टीम डेक हे हातात धरून गेम खेळायचं यंत्र आणलं, त्यात लिनक्स आणि केडीईच आहे, आणि विंडोजचे गेम त्यावर चालतात. पत्रिका छापणाऱ्याच्या मागे असा कुणी नाही. लिनक्सवर पानं जुळवणारा स्क्रायबस आता देवनागरी जुळवतो, पण श्रीलिपीतला जुना मजकूर आधी युनिकोड या सगळीकडे चालणाऱ्या अक्षरसंकेतात आणावा लागतोच.