पुस्तक मिटल्यावर

घटक चाचणीच्या आदल्या संध्याकाळी कोथरूडला बहिणीकडे गेले होते. सातवीतला भाचा विज्ञानाचं पुस्तक उघडून बसलेला. पचनसंस्थेच्या धड्यातली निम्मी पानं हायलायटरने पिवळीधमक.

"चार वेळा वाचलंय, मावशी. सगळं येतंय."

मी पुस्तक मिटलं. "घास गिळला की पुढे काय होतं?"

"अन्ननलिका... मग जठर... मग..." तो पंख्याकडे बघायला लागला. "थांब ना, अगदी ओठांवर आहे!"

तो खोटं बोलत नव्हता. ओळखीची ओळ डोळ्यांखालून गेली की 'हे येतं आपल्याला' असं मनापासून वाटतं. पण ओळखणं वेगळं आणि आठवणं वेगळं. लक्ष्मी रोडच्या गर्दीत जुना वर्गमित्र दिसला की चेहरा लगेच ओळखू येतो, नाव मात्र घरी पोचल्यावर सुचतं. उत्तरपत्रिकेला नाव हवं असतं.

अमेरिकेत सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिके यांनी २००६ साली नेमकं हेच तपासलं. कॉलेजच्या १२० विद्यार्थ्यांना छोटे उतारे दिले, एक सूर्यावरचा, एक समुद्री पाणमांजरांवरचा. सात मिनिटं वाचन. त्यानंतर एक उतारा आणखी सात मिनिटं पुन्हा वाचायचा. दुसऱ्याच्या बाबतीत कोरा कागद, आठवेल ते लिहायचं. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तर पुन्हा वाचलेलं ८१ टक्के आठवलं, लिहून पाहिलेलं ७५. म्हणजे भाच्याचीच सरशी! ज्यांची परीक्षा आठवड्याने झाली, त्यांच्यात मात्र पारडं फिरलं: पुन्हा वाचलेलं ४२ टक्के, लिहून पाहिलेलं ५६.

घोकंपट्टी का सुटत नाही, ते या पहिल्या आकड्यांत आहे. ती लगेच फळ देते, आणि आपली परीक्षा बहुतेक वेळा उद्याच असते.

आठवायला जी धडपड होते, तिनेच आठवण पक्की होते. पाढ्यांचंच घ्या. वर्गाच्या सुरात सूर मिसळून सातचा पाढा कुणीही म्हणतं, शेजारच्याचा आवाज आपल्याला ओढून नेतो. "सात आठी?" असं मध्येच विचारलं की खरी कसोटी. पुढे आठवून पाहण्याचा हाच प्रकार अमेरिकेतल्या शाळेत, सहावीच्या समाजशास्त्रात आणि आठवीच्या विज्ञानात करून पाहिला, तिथेही फायदा दिसला. त्या चाचण्या छोट्या होत्या आणि बरोबर उत्तर लगेच कळत होतं, हे महत्त्वाचं. आपल्याकडे चाचणी म्हटलं की आधी मार्क आठवतात, मग शेजारच्या मुलाचे मार्क.

शिवाय दोन उजळण्यांमध्ये अंतर हवं. हर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने निरर्थक अक्षरजुळण्या स्वतःच पाठ करून १८८५ साली निष्कर्ष छापले. एकाच दिवशी सलग ६८ वेळा म्हणून जे साधलं, ते तीन दिवसांत विभागून ३८ वेळांत साधलं.

भाच्याला मी एक पाठकोरा कागद दिला. आठवेल ते निळ्या पेनने लिही, मग पुस्तक उघडून राहिलेलं लाल पेनने भर. दहा मिनिटांनी कागदावर लहान आतडं लाल, यकृत लाल, स्वादुपिंडाचा तर पत्ताच नव्हता.

"बघ, काहीच येत नाही मला," तो रडवेला झाला.

आठवड्याने फोनवर पुन्हा विचारलं. जठर, लहान आतडं, यकृत, स्वादुपिंड, सगळं धडाधड सांगितलं. मोठं आतडं राहिलं. आधीच्या कागदावर ते निळ्या पेनाने होतं.