पसारा मांडायला जागा : ‘स्पेशिअल’ नोट्समागचं जुनं भांडण

हल्ली कुठलंही नोट्सचं ॲप उघडा, त्यात एक ‘कॅनव्हास’ असतोच. कोरी पांढरी जागा, त्यावर चिठ्ठ्या टाकायच्या, ओढून इकडे तिकडे करायच्या, दोन चिठ्ठ्यांमध्ये बाण काढायचा आणि झूम आउट करून सगळा पसारा एका नजरेत बघायचा. यावरून दोन पक्ष पडलेत. एक म्हणतो डोकं असंच चालतं, यादीत नाही चालत. दुसरा म्हणतो ही नुसती मांडामांड, शेवटी सर्चच करता ना. गंमत म्हणजे दोघांनाही वाटतं की हे भांडण आत्ताचं आहे. ते चांगलं वीस वर्षं जुनं आहे आणि सगळ्यात कडाक्याचं झालं ते नोट्सवरून नाहीच, तर फोल्डर उघडल्यावर नवी खिडकी यावी की आहे तीच बदलावी यावरून. त्या गर्दीत मीही होतो, त्यामुळे खाली तोच भाग जरा जास्त येणारे, आधीच सांगून ठेवतो.

त्याआधीचं भराभर. १९४५ च्या जुलैत एका अमेरिकन मासिकात एक लेख आला, त्यातलं कल्पनेतलं यंत्र म्हणजे चक्क एक टेबल होतं, वर तिरके पडदे, आत मायक्रोफिल्म, बटणं नि दांडे. पण कागद टेबलावर कुठे ठेवलाय याला तिथे काही महत्त्व नव्हतं, एका कागदावरून दुसऱ्यावर जाणारा माग महत्त्वाचा. म्हणून लिंकवाले, म्हणजे नोट्स एकमेकींना लिंकने जोडणारे, त्याला आपला पूर्वज मानतात आणि ते बरोबरच आहे. टेबलवाल्यांचा, म्हणजे जागेवर मांडणाऱ्यांचा, खरा पूर्वज सत्तरच्या दशकाच्या शेवटचा. लष्करी पैशावर एका अमेरिकन विद्यापीठात एक खोली बांधली होती, मध्ये आरामखुर्ची, खुर्चीच्या हातांवर जॉयस्टिक, समोर भिंतभर पडदा. माहितीचा एक सपाट प्रदेश, त्यावरून तरंगत जायचं आणि हवं तिथे खाली उतरायचं. बाजूच्या छोट्या पडद्यावर अख्ख्या प्रदेशाचा नकाशा. आजच्या कॅनव्हासच्या कोपऱ्यातला मिनीमॅप आठवा. म्हणजे ‘अनंत कॅनव्हास’ आधी आला आणि ‘डेस्कटॉप’, म्हणजे पडद्यावरचं टेबल, दुकानात नंतर.

दुकानातलं पहिलं टेबल १९८१ चं, झेरॉक्स स्टार हा कॉम्प्युटर, एका मशीनची किंमत सोळा हजार डॉलरच्या वर. इन-ट्रे, आउट-ट्रे, फोल्डर, कपाट सगळं चित्रात होतं, पण मुख्य खिडक्या एकमेकींवर ठेवताच येत नव्हत्या, त्या आपोआप शेजारी शेजारी बसायच्या. म्हणजे असं टेबल की ज्यावर कागदावर कागद ठेवायची सोय नाही! (आणि उपमा तरी कुठली, तर अमेरिकन ऑफिसची. आपल्याकडे दुकानदार बिलं तारेत ओवतो, पेशवे दफ्तरातले कागद रुमालात बांधून ठेवलेले. कानवाला पिवळा फोल्डर आपल्यातल्या बऱ्याच जणांनी आधी स्क्रीनवर बघितला आणि मग स्टेशनरीच्या दुकानात.)

१९८४ चा मॅक आला नऊ इंची पडदा, ५१२ बाय ३४२ ठिपके आणि ४०० केबीची फ्लॉपी घेऊन. त्याच्याबद्दल एकच गोष्ट इथे सांगायची आहे. पहिल्या मॅकमधले फोल्डर खरे नव्हतेच. डिस्कवर सगळ्या फायली एकाच सपाट यादीत असायच्या, फोल्डर हे फक्त पडद्यावरचं नाटक, खरे फोल्डर १९८५ मध्ये नवी फाइल सिस्टिम आल्यावर आले. तरीही लोकांना ते खरे वाटले, कारण चिन्ह जिथे ठेवलं तिथेच दुसऱ्या दिवशी सापडायचं. पुढचं सगळं भांडण या एका वाक्यात आहे आणि ४०० केबीतही आहे, कारण तेवढ्या जागेत फायली मावून मावून मावणार किती.

१९८३ मध्येच एका संशोधकाने लोकांच्या ऑफिसात जाऊन त्यांची टेबलं बघितली, म्हणजे खरी लाकडी टेबलं. त्याला दिसलं की लोक दोन गोष्टी करतात, फायली लावतात आणि ढीग घालतात. ढीग आळसाने घालतात हे अर्धंच खरं. कागद कुठल्या फायलीत जावा हे ठरवणं अवघड असतं म्हणून तो निर्णय पुढे ढकललेला असतो, आणि दुसरं म्हणजे कागद डोळ्यासमोर राहिला की काम आठवतं. लाइटबिल टीव्हीखाली सरकवून ठेवणाऱ्या घरात वाढलेल्यांना हे संशोधनातून कळायची गरज नाही, पण कॉम्प्युटरवाल्यांना होती. कॉम्प्युटरने फायली उचलल्या आणि ढीग सोडून दिले. मॅकवाल्या कंपनीतल्या लोकांनी १९९२ मध्ये ‘ढीग’ या कल्पनेवर पेपर लिहिला, पेटंटही घेतलं, ते मंजूर झालं २००१ मध्ये, आणि त्याच्या जवळ जाणारं काही मॅकच्या डेस्कटॉपवर आलं ते २०१८ मध्ये ‘स्टॅक्स’ नावाने. तेही ढीग तुम्ही घालायचे नाहीत, मशीन फायलींच्या प्रकारावरून घालणार. हा माझ्या मते ढिगाचा अपमान आहे, पण असो.

आता तो शब्द. स्पेशिअल. देवनागरीत सरळ ‘स्पेशल’ लिहिला तर मिसळीच्या पाटीवरचा वाटतो, त्यामुळे मध्ये ‘इ’ घालून लिहितोय. मूळ अर्थ नुसता ‘जागेशी संबंधित’ एवढाच. पण जुन्या मॅकच्या चाहत्यांनी त्याला नेमका अर्थ दिला होता आणि त्यात दोन नियम होते. एक, एका फोल्डरची एकच खिडकी, तोच फोल्डर दोन खिडक्यांत दिसणार नाही, खिडकी म्हणजेच फोल्डर. दोन, जे जिथे जसं ठेवलं ते तिथेच तसंच सापडणार, खिडकीचा आकार, जागा, आतल्या चिन्हांची मांडणी, सगळं. २००१ मध्ये मॅकची नवी सिस्टिम आली तिच्यात हे दोन्ही नियम मोडले. ब्राउझरसारखी एकच खिडकी, आत फोल्डर बदलत जाणार. जुनी पद्धत एका बटणामागे ठेवली होती पण ती धड चालायची नाही. चिन्हांच्या जागा ज्या फायलीत लिहिल्या जायच्या ती ‘डॉट डीएस-स्टोअर’ फाइल मॅकला लावलेल्या पेनड्राइव्हवर पसरायची आणि मग विंडोजवर उघडल्यावर लोक विचारायचे हा व्हायरस आहे का. म्हणजे जागा लक्षात ठेवायचा सगळा खटाटोप जगाला दिसला तो कचरा म्हणून. २००३ मध्ये एका तंत्रलेखकाने या सगळ्यावर लांबलचक लेख लिहिला आणि त्यातून तो शब्द मॅकच्या बाहेर पसरला.

लिनक्सवाल्यांनी तो मनावर घेतला. ग्नोम या लिनक्सवरच्या डेस्कटॉपच्या २.६ आवृत्तीत नॉटिलस हा फाइल मॅनेजर डीफॉल्टच स्पेशिअल केला. ३१ मार्च २००४ ला ते रिलीज झालं आणि दुसऱ्याच दिवशी, १ एप्रिलला, जीमेल आलं, एक जीबी जागा आणि मेल लावत बसू नका, सर्च करा हा मंत्र घेऊन. चोवीस तासांत दोन टोकांचे दोन पक्ष. कोण जिंकलं सांगायला नको.

मी ते बघितलं फेडोरा कोअर २ या लिनक्समध्ये, १०२४ बाय ७६८ च्या जाड्या मॉनिटरवर. फोल्डर उघडला की नवी खिडकी, त्यातला उघडला की आणखी एक, सहा पायऱ्या खाली गेलं की सहा खिडक्या आणि मागचं काहीच दिसत नाही. मधल्या बटणाने क्लिक केलं तर आधीची खिडकी बंद व्हायची आणि कंट्रोल-शिफ्ट-डब्ल्यू दाबलं की वरच्या सगळ्या मिटायच्या, पण हे कोणाला माहीत? लोक चिडले आणि जाम चिडले. सेटिंग बंद करायची तर विंडोजच्या रजिस्ट्रीसारख्या एका आतल्या एडिटरमध्ये शिरून एक ओळ बदलावी लागायची, साध्या प्रेफरन्सच्या खिडकीत तो पर्याय दिलाच नव्हता, आणि ही गोष्ट तर अजून आठवली तरी डोकं फिरतं. बनवणाऱ्यांचं म्हणणं, पर्याय दिला की कोणी नवी सवय लावून घेणार नाही. वापरणाऱ्यांचं म्हणणं, आमच्या मशीनवर तुम्ही कोण आम्हाला सवय लावणार. गंमत म्हणजे विंडोज ९५ सुद्धा प्रत्येक फोल्डर नव्या खिडकीतच उघडायचं, कोणी त्याला तत्त्वज्ञान म्हटलं नाही म्हणून कोणी भांडलंही नाही, पुढच्या आवृत्तीत ते गुपचूप बदललं.

माझं मत तेव्हा आणि आताही असं की तत्त्व बरोबर होतं, जागा चुकली. भांडण सगळं पहिल्या नियमावर झालं, खिडक्या फार होतात यावर. दुसरा नियम, ठेवलं तिथे सापडणं, जो खरा मुद्दा होता, त्यावर कोणी बोललंच नाही. आणि लिनक्सवर तो जमणारही नव्हता, कारण तिथे निम्म्या फायली तुम्ही ठेवलेल्याच नसतात, त्या सॉफ्टवेअरचं पॅकेज ठेवतं, टर्मिनल ठेवतं, डाउनलोड ठेवतं. मांडामांड आपण केलेल्या गोष्टींचीच लक्षात राहते. ४०० केबीच्या फ्लॉपीवर सगळं आपणच ठेवलेलं होतं. शेवटी २०१० मध्ये ग्नोम २.३० ने माघार घेतली, ब्राउझरवाली पद्धत डीफॉल्ट केली. वर्षभराने आलेल्या ग्नोम ३ ने डेस्कटॉपवरची चिन्हंच डीफॉल्ट बंद केली आणि २०१८ मध्ये त्याचा कोडच फाइल मॅनेजरमधून काढून टाकला. टेबलावर कागद ठेवायचाच नाही, इथपर्यंत मजल! तोवर ‘स्पेशिअल’ म्हणजे ‘डोक्याला ताप देणाऱ्या खूप खिडक्या’ असा अर्थ घट्ट झाला होता आणि बरीच वर्षं कोणी शहाणा माणूस आपल्या सॉफ्टवेअरला तो शब्द लावायला धजत नव्हता.

त्याच काळात थ्रीडीवाले पण होऊन गेले. १९९८ मध्ये एका तिरक्या डोंगरावर शंभर वेबपानांची चित्रं ठेवायला लावून केलेला प्रयोग छान निघाला, लोकांना पानं बुकमार्कच्या यादीपेक्षा लवकर सापडली. मग २००२ मध्ये दुसऱ्या संशोधकांनी तपासलं तेव्हा तिसरी मिती उलट नडते असं दिसलं, काम सपाट जागाच करते. तरी बंपटॉप हे थ्रीडी डेस्कटॉपचं सॉफ्टवेअर आलंच, २००६ चा डेमो बघून सगळे वेडे झाले होते, चिन्हं एकमेकांवर आपटतात, ढीग कोसळतात, कागद चुरगळतो. विकायला आलं २००९ मध्ये, २०१० मध्ये सर्चवाल्या कंपनीने विकत घेतलं आणि बंद केलं. सर्चवाल्या कंपनीने! याच्यावर मी काही बोलत नाही.

तर फायलींनी जी जागा सोडली ती नोट्सनी घेतली असं माझं म्हणणं आहे. सुरुवात अर्थात आधीच झाली होती. मॅकवर १९९४ पासून पिवळे स्टिकीज होते, ठेवाल तिथे राहणारे, ना फोल्डर ना नाव. त्याच सुमारास हायपरटेक्स्टच्या, म्हणजे लिंकने जोडलेल्या मजकुराच्या, संशोधकांनी बघितलं की लोकांना दोन चिठ्ठ्यांमधलं नातं नाव देऊन जोडायला नको असतं, ते नुसत्या जवळ सरकवून ठेवतात, रांगेत लावतात, रंग देतात. नातं अजून नीट ठरलेलं नसतं, म्हणून ते जवळिकीतच ठेवायचं. इथेही शब्द ‘स्पेशिअल’च होता, फक्त खिडक्यांशी त्याचा काही संबंध नव्हता, आणि हे दोन अर्थ लोक आजही एकमेकांत घालतात. २००३ च्या वननोट या नोट्सच्या सॉफ्टवेअरमध्ये पानावर कुठेही क्लिक करून टाइप करता यायचं आणि गंमत म्हणजे कोणी त्याला स्पेशिअल म्हटलं नाही, वहीसारखं आहे म्हणाले. वहीच्या समासात लिहिणाऱ्यांना त्याचं काही नवल नव्हतंच.

नोट्समध्ये ते चाललं कारण फ्लॉपीची अट तिथे पुन्हा जुळली. वस्तू थोड्या, सगळ्या आपणच ठेवलेल्या, फोल्डरच्या पोटात फोल्डर नाही. मग २०२० मध्ये सगळे घरी बसले, ऑफिसातल्या भिंतीवरच्या चिठ्ठ्या ऑनलाइन गेल्या, मिरोसारखे बोर्ड घराघरात पोचले. २०२२ च्या डिसेंबरात तर एकाच महिन्यात आयफोन-आयपॅडवर फ्रीफॉर्म हे कॅनव्हासचं ॲप आलं आणि ऑब्सिडियन या नोट्सच्या ॲपमध्ये कॅनव्हास आला. ‘अनंत कॅनव्हास’ हा शब्दप्रयोग मात्र कॉम्प्युटरवाल्यांचा नाही, २००० मध्ये एका कॉमिक्सकाराने वेबवरच्या कॉमिक्ससाठी वापरला होता, पानाची चौकट कशाला हवी असं त्याचं म्हणणं. चित्रकथेला ते ठीक. टेबलाला मात्र कडा असतात आणि त्या कडांमुळेच कधीतरी आवरावं लागतं. माझ्या एका कॅनव्हासवर सहाशेच्या वर कार्डं आहेत, डावीकडे खाली दूरवर २०२३ ची काहीतरी वस्ती आहे, तिथे मी जातच नाही, आणि हवं ते कार्ड मी, हो, सर्च करून काढतो. २०२४ च्या फेब्रुवारीत डोळ्यांवर चढवायचं एक महागडं यंत्र ‘स्पेशिअल कॉम्प्युटिंग’ म्हणत बाजारात आलं, त्यामुळे त्या शब्दाला आता तिसरा अर्थ चिकटलाय आणि नवीन माणसाला काही समजावायला जावं तर आधी दहा मिनिटं यातच जातात.

या सगळ्यात मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट कोणी फार साजरी केली नाही. २०२४ च्या मार्चमध्ये ऑब्सिडियनचा कॅनव्हास फॉरमॅट जेसन कॅनव्हास नावाने खुला केला गेला. साधी टेक्स्ट फाइल, प्रत्येक कार्डापुढे चार आकडे, आडवं अंतर, उभं अंतर, रुंदी, उंची. म्हणजे चिठ्ठी कुठे ठेवलीय ही माहिती चिठ्ठीतल्या मजकुराइतकीच तुमची, ॲप मेलं तरी राहणारी. त्याच वर्षाच्या ३१ डिसेंबरला जॅमबोर्ड हे ऑनलाइन फळ्याचं ॲप बंद झालं, शाळा-कॉलेजांच्या ऑनलाइन वर्गात तीन-चार वर्षं वापरलेलं. बोर्ड दुसऱ्या दोन-तीन ॲप्समध्ये नेता येत होते, नाहीतर पीडीएफ काढून ठेवायचे. माझ्या ओळखीच्या एका बाईंनी वर्गाचे सगळे बोर्ड पीडीएफ करून ठेवलेत, चिठ्ठ्या जिथल्या तिथे आहेत, फक्त आता एकही हलत नाही.