ऑप्ट-आउट आणि क्लब ऑप्शन: बेसबॉलच्या करारात निर्णय कोणाच्या हातात?

मेजर लीग बेसबॉलमधल्या बड्या खेळाडूने आपल्याच क्लबशी मुदतवाढीचा करार केला, की बातमीत वर्षे आणि रक्कम ठळकपणे छापली जाते आणि अगदी शेवटी 'तिसऱ्या हंगामानंतर ऑप्ट-आउट' (करार मधूनच सोडण्याची मुभा) किंवा 'शेवटच्या वर्षासाठी क्लब ऑप्शन' (करार एक वर्ष वाढवण्याची मुभा) असा एखादा उल्लेख येतो. कराराचा खरा तोल त्या शेवटच्या उल्लेखात असतो आणि नेमका तोच वाचताना गल्लत होते. ऑप्ट-आउट आहे म्हणजे दोन्ही बाजू मोकळ्या. ऑप्ट-आउट आहे म्हणजे सहा वर्षांचा करार प्रत्यक्षात तीनच वर्षांचा. आणि खेळाडू उतार लागण्यापूर्वी निघून गेला तर त्यात क्लबचेच भले: ही तीन विधाने इतक्या वेळा आणि इतक्या आत्मविश्वासाने केली जातात की त्यांचा एकदा नीट समाचार घेणे गरजेचे वाटते. पहिली दोन विधाने लवकर निकालात निघतात. तिसरे विधान मात्र जाणकारही करतात आणि या लेखातला मोठा भाग त्यासाठीच आहे.

क्लब ऑप्शनवर फार वेळ घालवण्याचे कारण नाही. आयपीएल पाहणाऱ्या वाचकाला खेळाडू राखायचा की सोडायचा हे संघाने ठरवण्याची सवय आहेच. करारातली हमीची वर्षे संपल्यावर पुढचे एक वर्ष आधीच ठरलेल्या पगारावर खेळाडूला ठेवायचे की नाही, हा निर्णय क्लब ऑप्शनमध्ये क्लबचा असतो आणि खेळाडूला त्यात मत नसते. नाही म्हटल्यास बहुतेक वेळा क्लबला 'बायआउट' म्हणून काही रक्कम द्यावी लागते, एवढाच काय तो खर्च.

ऑप्ट-आउट म्हणजे हेच उलट बाजूने. ठरलेल्या हंगामानंतर उरलेली वर्षे आणि उरलेला पैसा सोडून बाजारात फ्री एजंट म्हणून, म्हणजे कोणत्याही क्लबशी करार करायला मोकळा होऊन, उतरण्याचा हक्क फक्त खेळाडूला असतो. त्याने तो हक्क वापरला नाही, तर उरलेला प्रत्येक डॉलर क्लबला द्यावाच लागतो, मग खेळाडूची कामगिरी कितीही घसरलेली असो. म्हणजे 'दोघेही मोकळे' हे म्हणणे सरळसरळ खोटे ठरते. करार तीन वर्षांचा होतो हेही खरे नाही, कारण क्लबच्या दृष्टीने तो सहा वर्षांचाच बोजा असतो. पगाराचा एकूण खर्च ठरलेल्या मर्यादेबाहेर गेल्यावर जो लक्झरी टॅक्स बसतो, त्यासाठी वार्षिक सरासरी काढतानाही पूर्ण मुदतच धरली जाते.

या दोन तरतुदींमधला फरक पाहण्यासाठी एप्रिल २०१९ इतका चांगला काळ दुसरा नाही. त्या महिन्याच्या पहिल्या दोन-तीन दिवसांत दोन मुदतवाढी जाहीर झाल्या. बॉस्टन रेड सॉक्सचा शॉर्टस्टॉप झँडर बोगार्ट्स याला सहा वर्षांचे १२ कोटी डॉलर मिळाले आणि २०२२च्या हंगामानंतर ऑप्ट-आउट मिळाला. अटलांटा ब्रेव्ह्जच्या रोनाल्ड अकुन्या ज्युनियरला आठ वर्षांचे १० कोटी डॉलर मिळाले आणि त्यापुढच्या २०२७ व २०२८ या दोन वर्षांसाठी प्रत्येकी १.७ कोटी डॉलरचे क्लब ऑप्शन लागले. रकमा फार दूर नाहीत, पण हे दोन करार परस्परविरुद्ध दिशांना तोंड करून उभे आहेत.

याचे कारण वाटाघाटीच्या टेबलावरच्या ताकदीत आहे. मेजर लीगमध्ये खेळाडूला फ्री एजंट होण्यासाठी सहा वर्षांची सेवा पूर्ण करावी लागते. त्यातली पहिली सुमारे तीन वर्षे किमान वेतनाच्या आसपास जातात आणि पुढची लवादाच्या टप्प्यात, म्हणजे पगारावर एकमत झाले नाही तर तो लवाद ठरवतो. बोगार्ट्स त्याच हंगामाच्या अखेरीस फ्री एजंट होणार होता, त्यामुळे बाजाराचे दार त्याला समोर दिसत होते आणि ते पुन्हा एकदा उघडण्याची किल्ली त्याने करारात मागून घेतली. एकवीस वर्षांच्या अकुन्याच्या पाठीशी मेजर लीगचा जेमतेम एक हंगाम होता. त्याने आयुष्यभराची निश्चिंती घेतली आणि त्या बदल्यात स्वतःच्या ऐन उमेदीची आणखी दोन वर्षे क्लबच्या मर्जीवर सोपवली. याच करारात २०२७चा ऑप्शन नाकारल्यास बायआउट एक कोटी डॉलरचा आहे, म्हणजे क्लबपुढचा खरा प्रश्न १.७ कोटींचा नसून वरच्या ७० लाखांचा आहे. इतक्या स्वस्तात अव्वल आउटफिल्डर मिळत असेल, तर त्याला निरोगी असताना सोडण्याचा विचारही कोणी करणार नाही. त्याच महिन्यात ब्रेव्ह्जने ऑझी ऑल्बीझशी केलेला सात वर्षांचा ३.५ कोटींचा करार तर क्लब ऑप्शन कुठवर ताणता येतो याचा नमुनाच आहे: त्यातही दोन ऑप्शन, प्रत्येकी ७० लाखांचे. तरुण खेळाडूंच्या मुदतवाढीला सरसकट 'दोघांच्या हिताचा व्यवहार' म्हणणाऱ्यांनी हे आकडे समोर ठेवून बोलावे, असे माझे ठाम मत आहे.

दोन्ही तरतुदी एकाच करारातही नांदतात, हे सांगितल्यावर अनेकांना आश्चर्य वाटते. जियानकार्लो स्टँटनने नोव्हेंबर २०१४मध्ये मायामी मार्लिन्सशी तेरा वर्षांचा ३२.५ कोटी डॉलरचा करार केला. त्यात २०२०नंतर ऑप्ट-आउट होता, म्हणजे मध्यावरचा निर्णय खेळाडूचा. आणि २०२८साठी २.५ कोटींचा क्लब ऑप्शन होता, म्हणजे शेवटचा निर्णय क्लबचा. मधल्या काळात करार न्यूयॉर्क यांकीजकडे गेला. २०२० संपले तेव्हा सात वर्षांचे २१.८ कोटी डॉलर शिल्लक होते, दुखापतींनी त्याला ग्रासले होते आणि तेवढे पैसे त्याला दुसऱ्या कोणी दिले नसते. तो थांबला. यांकीजला त्या वेळी काहीही ठरवायचे नव्हते, कारण ठरवण्याचा हक्क त्यांना नव्हताच. स्टँटनने २०१७मध्ये सान फ्रान्सिस्को आणि सेंट लुईसच्या क्लबांकडे जाण्यास नकार दिला तो ऑप्ट-आउटच्या नव्हे, तर नो-ट्रेड कलमाच्या जोरावर, म्हणजे संमतीशिवाय दुसऱ्या क्लबकडे न पाठवण्याच्या अटीवर. ती तिसरीच गोष्ट आहे आणि तिची सरमिसळ इथे करू नये.

आता त्या तिसऱ्या विधानाकडे वळू. 'खेळाडू तिशी ओलांडताना निघून गेला, नव्या क्लबने त्याला अवाढव्य करार दिला, त्या कराराची शेवटची वर्षे वाया जाणार. तेव्हा जुना क्लब सुटला' असा हा युक्तिवाद असतो. त्यातली चूक एकच आहे, पण ती मुळावरच आहे: तुलना चुकीच्या कराराशी केली जाते. खेळाडू निघून जातो तेव्हा जुना क्लब जे गमावतो, ती नव्या कराराची वर्षे नसतात. ती जुन्या करारातली उरलेली वर्षे असतात, जुन्याच पगारावरची. नव्या कराराचा बोजा जुन्या क्लबवर कधी येणारच नव्हता, त्यामुळे त्यातून तो 'सुटला' असे म्हणताच येत नाही.

झॅक ग्रिंकीचे उदाहरण घ्या, कारण हा युक्तिवाद त्याच्यावरून सर्वाधिक वेळा केला गेला. डिसेंबर २०१२मध्ये लॉस एंजेलिस डॉजर्सने त्याला सहा वर्षांचे १४.७ कोटी डॉलर दिले, तीन वर्षांनी ऑप्ट-आउटसह. २०१५मध्ये या पिचरचा अर्न्ड रन अ‍ॅव्हरेज, म्हणजे दर नऊ डावांमागे त्याच्या खात्यावर पडलेल्या धावांची सरासरी, अवघा १.६६ होता. तीन वर्षे आणि ७.१ कोटी डॉलर मागे टाकून तो बाहेर पडला आणि अ‍ॅरिझोना डायमंडबॅक्सने त्याला सहा वर्षांचे २०.६५ कोटी दिले. पहिले वर्ष वाईट गेल्याबरोबर 'डॉजर्स वाचले' असा गजर झाला. पण डॉजर्सच्या हातून गेली ती २०१६ ते २०१८ ही तीन वर्षे, सरासरी २.४ कोटींच्याही आत. त्यातल्या २०१७ आणि २०१८ या दोन्ही हंगामांत ग्रिंकी ऑल-स्टार होता, म्हणजे लीगमधल्या निवडक सर्वोत्तम खेळाडूंत होता. ७.१ कोटींत अशी तीन वर्षे मिळत असतील तर कोणता क्लब ती आनंदाने घेणार नाही? बोगार्ट्सबद्दलही हेच. सॅन डिएगो पॅड्रेजने त्याला अकरा वर्षांचे २८ कोटी दिले, ते योग्य की अयोग्य हा पॅड्रेजचा प्रश्न. रेड सॉक्सने गमावले ते तीन हंगाम, प्रत्येकी दोन कोटींना.

घरमालकाला वर्षभरानंतर करार मोडून जास्त भाडे देणाऱ्याला जागा देण्याची मुभा असावी, आणि बाजारात भाडी पडली तर मात्र भाडेकरूने ठरलेलेच चढे भाडे मुदतभर भरत राहावे, अशी अट कोणी भाडेकरू आपल्या फायद्याची म्हणेल का? ऑप्ट-आउटमध्ये खेळाडू हा घरमालक आणि क्लब हा भाडेकरू असतो. उरलेल्या वर्षांची किंमत उरलेल्या पगारापेक्षा जास्त असते तेव्हाच खेळाडू जातो, आणि ती कमी असते तेव्हा तो राहतो. क्लबच्या वाट्याला प्रत्येक वेळी नको असलेला पर्याय येतो.

मग क्लब ऑप्ट-आउट देतातच कशाला? कारण ते पगाराऐवजी दिलेले चलन आहे. खेळाडू जास्त पैसे किंवा जास्त वर्षे मागतो, क्लब तेवढे देऊ इच्छित नाही, आणि मधली दरी या हक्काने बुजवली जाते. म्हणून ऑप्ट-आउटचा क्लबला होणारा फायदा शोधायचा असेल तर तो करार करतानाच्या कमी रकमेत शोधावा; खेळाडूच्या जाण्यात तो नसतो. एक खरा अपवाद मला मान्य आहे आणि तो अ‍ॅलेक्स रॉड्रिगेझचा. डिसेंबर २०००मध्ये टेक्सास रेंजर्सशी केलेल्या दहा वर्षांच्या २५.२ कोटींच्या करारातला ऑप्ट-आउट त्याने २००७च्या वर्ल्ड सिरीजचा, म्हणजे विजेतेपदाच्या अंतिम मालिकेचा, चौथा सामना चालू असतानाच जाहीर केला. तोपर्यंत तो यांकीजकडे होता, पण त्याच्या पगाराचा एक वाटा रेंजर्स भरत होते. तो हप्ता थांबल्याने त्यांचे दोन कोटी डॉलरहून अधिक वाचले. मात्र हा फायदा दूर उभे राहून पैसे भरणाऱ्याला झाला. ज्यांच्याकडे खेळाडू होता त्या यांकीजने पुढे त्याला दहा वर्षांचे २७.५ कोटी दिले.

स्टीव्हन स्ट्रासबर्गचे प्रकरण या बाबतीत सर्वांत कडू आहे. मे २०१६ची त्याची मुदतवाढ सात वर्षांची १७.५ कोटींची होती. २०१९मध्ये वर्ल्ड सिरीजचा सर्वोत्तम खेळाडू ठरल्यावर चार वर्षांचे १० कोटी सोडून तो बाहेर पडला आणि वॉशिंग्टन नॅशनल्सनेच त्याला सात वर्षांचे २४.५ कोटी दिले. त्यानंतर दुखापतींमुळे तो अवघे आठ सामने खेळू शकला. इथे ऑप्ट-आउटने क्लबला खरोखर सुटकेची संधी दिली होती, असे कोणी म्हणू शकेल. पण नुकताच विजेतेपद मिळवून देणारा पिचर बाजारात उतरतो, तेव्हा त्याला सर्वांत आसुसलेला क्लब बहुधा त्याचाच असतो. कागदावरची सुटका प्रत्यक्षात वापरली जात नाही, याचे कारण तेच.

मुदतवाढीच्या वाटाघाटीत तर ऑप्ट-आउट न वापरताच काम करतो. सी. सी. सबाथियाकडे २०११च्या अखेरीस चार वर्षांचे ९.२ कोटी शिल्लक होते. ऑप्ट-आउटची मुदत संपण्याआधी यांकीजने ते पाच वर्षांचे १२.२ कोटी केले. क्लेटन कर्शॉचे २०१८मध्ये दोन वर्षांचे ६.५ कोटी होते, डॉजर्सने ते तीन वर्षांचे ९.३ कोटी केले. मॅनी मचाडोने फेब्रुवारी २०२३मध्ये हंगामानंतर बाहेर पडण्याचा इरादा बोलून दाखवला आणि त्याच महिन्यात पॅड्रेजने त्याला अकरा वर्षांचा ३५ कोटींचा नवा करार दिला. क्लब ऑप्शनच्या जोरावर खेळाडूला अशी वाढ मागता येत नाही.

बाकीचे पोटभेद किरकोळ आहेत. प्लेयर ऑप्शन आणि ऑप्ट-आउट यांत व्यवहारतः फरक नाही; पहिला शब्द शेवटच्या एखाद्या वर्षासाठी वापरतात, दुसरा मधूनच अनेक वर्षे सोडण्यासाठी. म्युच्युअल ऑप्शन, ज्यात दोघांची संमती लागते, तो जवळपास कधीच वापरला जात नाही. पगाराचा काही भाग बायआउटच्या रूपाने पुढे ढकलण्याची ती सोय आहे आणि तिच्यावर तासन्‌तास चर्चा करू नये.

एका नव्या प्रकाराने मात्र गोंधळ वाढवला आहे, तो म्हणजे क्लबला रद्द करता येणारा ऑप्ट-आउट. गेरिट कोलने नोव्हेंबर २०२४मध्ये यांकीजच्या करारातला ऑप्ट-आउट वापरला. २०२९साठी ३.६ कोटी डॉलरचे एक वर्ष जोडले की यांकीजला तो निष्प्रभ करता आला असता. त्यांनी ते वर्ष जोडले नाही, आणि शेवटी दोघांच्या संमतीने जुनाच चार वर्षांचा १४.४ कोटींचा करार पुढे चालू राहिला. 'बघा, क्लबलाही हक्क असतो' असे यावरून म्हणणाऱ्यांनी तो हक्क कशाचा आहे हे पाहावे. तो जास्त पैसे मोजून खेळाडूला थांबवण्याचा आहे, त्याला सोडून देण्याचा नव्हे. कोलने काहीच केले नसते, तर यांकीजलाही काही करता आले नसते. हुआन सोटोच्या न्यूयॉर्क मेट्सशी झालेल्या पंधरा वर्षांच्या ७६.५ कोटींच्या करारातही हीच रचना आहे: २०२९नंतर तो जाऊ शकतो, आणि त्याला थांबवायचे असेल तर मेट्सला उरलेल्या दहा वर्षांत दर वर्षी ४० लाख डॉलर वाढवून एकूण रक्कम ८०.५ कोटींवर न्यावी लागेल.