चाकांवरची तारा, बर्फावरची तारा

फोंड्यात मी लहान मुलांना क्वाड स्केट्सवर, म्हणजे चार चाकांच्या बुटांवर, शिकवते. हिवाळी ऑलिंपिक टीव्हीवर सुरू झालं की पालकांचा एक प्रश्न हमखास येतो, "टीचर, आमची पोरगी तिथे कधी दिसणार?" प्रश्न मनापासून विचारलेला असतो, त्यामुळे उत्तरही नीट द्यायला हवं. त्यासाठी मला चाकांवर सुरुवात करून बर्फावर ऑलिंपिक सुवर्ण जिंकलेली अमेरिकेची तारा लिपिन्स्की आठवते.

पोरगी शिकते ते आर्टिस्टिक रोलर स्केटिंग. टीव्हीवर दिसतं ते बर्फावरचं फिगर स्केटिंग. गिरक्या सारख्याच, संगीत सारखंच, उड्यांची नावंसुद्धा तीच: ॲक्सल, लुट्झ, लूप. त्यामुळे गोंधळ होतोच. पण फिगर स्केटिंग १९०८ साली लंडनला ऑलिंपिकमध्ये आलं आणि आर्टिस्टिक रोलरला तिथे आजवर जागा मिळालेली नाही. त्याचं मोठं व्यासपीठ वेगळं. अनुप कुमार यामाने २०१० च्या ग्वांगझू आशियाई स्पर्धेत दोन कांस्यपदकं मिळवली, त्यातलं एक अवनी पांचाळसोबत जोडीत. ती चाकांवरची. आपल्याकडे त्यांचं नाव फार थोड्यांना माहीत आहे, याचं मला खरंच वाईट वाटतं.

फरक कळायला बूट उलटा करून बघावा. आमच्या बुटाखाली दोन आसांवर चार चाकं आणि पुढे रबराचा टो-स्टॉप, म्हणजे ब्रेकचा ठोकळा. बर्फावरच्या बुटाला जेमतेम चार मिलिमीटर जाडीची पाती, टोकाला करवतीसारखे दाते. पात्याच्या तळाला लांबीभर बारीक खोबण असते, म्हणून पात्याला दोन कडा मिळतात, आतली आणि बाहेरची. सगळा खेळ या कडांवर. चाकांना अशी कड नसते. आम्ही घोटा झुकवतो, आस वळतात आणि स्केट वर्तुळ घेतो.

मला सगळ्यात आवडणारा फरक रेषेचा आहे. पातं बर्फावर रेघ ओढत जातं. 'फिगर' हे नाव त्यावरूनच पडलं, पूर्वी स्पर्धेत आठाच्या आकृत्या गिरवून दाखवाव्या लागत. १९९० नंतर जागतिक स्पर्धांतून तो प्रकार गेला. चाकं मात्र फरशीवर काहीच उमटवत नाहीत, म्हणून रोलरमध्ये वर्तुळं आधीच रंगवून ठेवतात आणि मूल त्या रेषेवरून चालतं. पावसाळ्यात आमच्या हॉलची फरशी दमटते, बेअरिंग गंजतात, तेव्हा फडक्याने चाकं पुसत पुसत आम्ही तीच वर्तुळं घोटतो.

आता तारा लिपिन्स्की. १९८२ मध्ये फिलाडेल्फियात जन्म. दोन वर्षांची असताना टीव्हीवर ऑलिंपिकचा पदक समारंभ बघून ती डब्यावर चढून उभी राहिली होती म्हणतात. तीन वर्षांची असताना चाकांवर आली, सहाव्या वर्षी बर्फावर. काही काळ दोन्ही चालू होतं, आणि नऊ वर्षांची असताना तिने रोलरमध्ये आपल्या वयोगटाचं राष्ट्रीय विजेतेपद जिंकलं. मग १९९७ मध्ये चौदाव्या वर्षी बर्फावर जगज्जेती. १९९८, जपानमधलं नागानो ऑलिंपिक: शॉर्ट प्रोग्रॅमनंतर, म्हणजे पहिल्या फेरीनंतर, अमेरिकेचीच मिशेल क्वान पुढे होती. फ्री स्केटमध्ये, म्हणजे दुसऱ्या फेरीत, ताराने तिहेरी (हवेत तीन गिरक्यांच्या) लूपला जोडून लगेच दुसरी तिहेरी लूप मारली आणि सुवर्ण घेतलं. वय १५. वैयक्तिक फिगर स्केटिंगमध्ये तिच्याहून लहान ऑलिंपिक विजेती महिला आजही नाही.

लूपमध्ये दात्यांचा आधार न घेता उजव्या पायाच्या बाहेरच्या कडेवरून उडायचं आणि त्याच कडेवर उतरायचं. असा तोल लहानपणी चाकांवर घडत असणार, हे माझं मत. तिच्या लुट्झवर मात्र टीका व्हायची, उडताना पाय बाहेरच्या कडेऐवजी आतल्या कडेवर कलंडतो म्हणून. ती लगेच व्यावसायिक शोकडे वळली, २००० मध्ये नितंबाची शस्त्रक्रिया झाली. पुढे जॉनी वीअरसोबत समालोचक म्हणून पुन्हा सगळ्यांच्या ओळखीची झाली.

म्हणजे चाकांवरून बर्फावर जाता येतं, फक्त बूट बदलून नाही. आणि गोव्यात बर्फ म्हटलं की मालिम जेटीवर मासळीवर घालतात तोच आठवतो. देहरादूनला बर्फाची मोठी हिमाद्री रिंक आहे. तिथे जाणाऱ्या माझ्या प्रत्येक विद्यार्थ्याला मी एकच बजावते: सवयीने पुढच्या टोकावर ब्रेक मारायला जाऊ नकोस. आपला टो-स्टॉप घासत थांबतो, तिथले दाते बर्फात रुततात आणि माणूस सरळ तोंडावर आपटतो.